वावराचा फोटो, मालकासकट

शुक्रवारी सकाळी सातला मारोतराव साधनाच्या दारात येऊन उभा राहिला, तो पायातली चप्पल न काढता. चप्पल न काढता दारात उभा राहणारा माणूस एक तर मीटर वाचायला आलेला असतो, नाही तर भांडायला. आणि मारोतरावचा विजेच्या खात्याशी काही संबंध नव्हता. मेलेला उंदीर शेपटीला धरून दाखवावा तसा त्यानं हातातला मोबाइल पुढे केला.

"हे वावर कोणाचं होय?"

साधनानं पाहिलं. फोटो तिचाच होता, बुधवारी संध्याकाळी मारोतरावच्याच टेकाडावरून काढलेला. खोटं कशाला बोला, पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते एवढंच, की आभाळाची रेघ डावीकडे उतरली आहे. पाच घरं ओलांडून माणूस भांडायला आलाय आणि हिला रेघ दिसते आहे. मग तिनं फोटोवरची लाल अक्षरं वाचली. 'विकणे आहे. साडेचार एकर. रोड टच.' खाली एक नंबर, दोघांच्याही ओळखीचा नसलेला.

वावर रोड टच नव्हतं. तिथे जायला पांदण होती, तीही पावसाळ्यात बैलांना पोटापर्यंत घेणारी. पण हा मुद्दा काढायची ती वेळ नव्हती.

मारोतराव बोलत राहिला. काल संध्याकाळपासून तीन अनोळखी माणसांनी त्याला वावराचा भाव विचारला होता. ते एक वेळ सोडा. पण रात्री केनवडहून मध्यस्थाचा फोन आला होता. मारोतरावची पोरगी अंजना तिथल्या एका घरात पसंत पडली होती, येत्या रविवारी पाहुणे सुपारी फोडायला येणार होते. तो फोटो केनवडला पोचला होता. मुलाच्या बापाचं म्हणणं असं, की लग्नाच्या तोंडावर जो माणूस वावर विकायला काढतो त्याच्या घरात काहीतरी बिघडलेलं असतं, आणि ते काय आहे हे कळल्याशिवाय आम्ही येत नाही. रविवारचं मग पाहू.

"मग पाहू म्हणते तो," मारोतराव म्हणाला. "तीन वर्षं पोरगा पाहून राह्यलो मी. अन् तू एका दिवसात माह्यं वावर इकून मोकळी झाली."

साधनाचा नवरा रविकांत खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आला. तो शेलूबाजारच्या स्टँडवरून जीप चालवायचा, आणि जीपमध्ये गावाच्या बातम्या माणसांआधी चढतात, त्यामुळे त्याला हे सगळं कालच कळलेलं होतं. बायकोची बाजू घ्यायची की शेजाऱ्याची, यावर त्यानं रात्रभर विचार केला असावा. त्यानं मारोतरावला चहा विचारला. म्हणजे बाजू ठरली.

साधनाला कॅमेरा मिळून चार महिने झाले होते. ती ब्लाउज शिवायची, गावात आणि आजूबाजूच्या दोन खेड्यांत. शेलूबाजारच्या मुन्ना फोटोवाल्यानं स्टुडिओ बंद केला, कारण आता नवरीची मावशीसुद्धा मोबाइलवर त्याच्यापेक्षा जास्त फोटो काढते. तेव्हा त्याच्या घरच्या लग्नातल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज शिवून देण्याच्या बोलीवर तिनं त्याचा जुना कॅमेरा आणि तीन पायांचा स्टँड उचलून आणला. लोकांना वाटलं, ही आता बारशांचे, हळदीकुंकवाचे फोटो काढणार. ती शिवाराचे काढायला लागली. त्याचं कारण तिनं कोणाला सांगितलं नाही, पण ते साधं होतं. वीस वर्षं ती माणसांच्या छात्या, कमरा आणि बाह्या मोजत आली होती, आणि प्रत्येक अंग तिला म्हणत आलं होतं, इथे सैल कर, इथे आवळ, मी एवढी जाड आहे का. डोंगर काही म्हणत नाही.

पण डोंगर फोटोत येतही नाही, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं. घराच्या स्लॅबवरून डोळ्याला जे केवढं तरी दिसायचं, ते कॅमेऱ्यात कापडावर राहिलेल्या खडूच्या खुणेएवढं व्हायचं. आभाळ नीट आलं की जमीन काळी ठिक्कर. जमीन नीट आली की आभाळ धुवट पांढरं. रेघ सरळ धरावी तर पलीकडच्या टेकड्याच तिरप्या, मग सरळ म्हणायचं कशाला. मुन्नानं कॅमेरा देताना दोनच गोष्टी शिकवल्या होत्या: सूर्य पाठीशी ठेवा आणि माणूस मधोमध ठेवा. लग्नात एवढ्यावर त्याची पंचवीस वर्षं निघाली होती. मोबाइलवर एक माणूस बर्फाच्या डोंगरावर उभा राहून हिंदीतून सांगायचा की समोर काहीतरी ठेवा, म्हणजे फोटोला खोली येते. त्याच्या समोर गुलाबी फुलं होती. साधनाच्या समोर खताची रिकामी पोती होती आणि उकंडा.

तोच माणूस सांगायचा, उजेड दोनच वेळा चांगला असतो: दिवस उगवल्यावर तासभर आणि मावळण्याआधी तासभर. हे दोन्ही तास कोण्या बाईचे असतात, हे त्याला कोणी विचारलं नसावं. सकाळी नळ, दूध, रविकांतचा डबा. संध्याकाळी दिवा आणि चूल. तरी एकदा ती डबा आधीच करून सहाला पांदणीत स्टँड रोवून उभी राहिली, आणि तिथून सगळी भानगड सुरू झाली.

काही वर्षांपूर्वी गावात सकाळचं पथक यायचं. टमरेल घेऊन उघड्यावर बसणाऱ्याचा फोटो काढायचं, गळ्यात हार घालायचं, वर टाळ्या वाजवायचं. मग घरोघरी संडास झाले. काहींनी त्यांत सोयाबीनचं कुटार भरलं, आणि सवय होती ती राहिली. त्या सकाळी धुक्यात तीन पायांवर उभा असलेला कॅमेरा पाहिला आणि पांदणीच्या दोन्ही कडांनी माणसं उठून पळाली. पोलीस पाटलाचा भाऊ नाल्यात पडला. साधनाच्या फोटोत नुसतं धुकं होतं, पण हे दाखवून कोणाला पटणार. दुपारपर्यंत जीपच्या स्टँडवर रविकांतला सहा जणांनी विचारलं की, तुह्या बायकोनं सरकारी नोकरी धरली काय. त्या दिवसापासून सकाळ बंद झाली.

उरली संध्याकाळ. संध्याकाळी सूर्य पाठीशी ठेवून खालचं सगळं शिवार दिसेल अशी जागा गावात एकच होती, मारोतरावच्या वावराच्या पश्चिमेचं टेकाड. बुधवारी तिनं त्याच्या बायकोला, तुळसाबाईला विचारलं. तुळसाबाई म्हणाली, जा बापा, वावरात फोटो काढण्यासारखं काय हाये. साधना वर चढली. खाली हरभरा बोटभर उगवला होता, तुरी पिवळ्या झाल्या होत्या, आणि त्या सगळ्याच्या मध्ये मारोतराव पाइप उचलत होता. त्याच्यामुळे चित्र बिघडत होतं. तो बैल सोडून घराकडे वळेपर्यंत ती थांबली. मग एक पोरगं सायकल घेऊन गेलं, तेही जाऊ दिलं. जिथे माणसाचं नखही दिसत नाही असा फोटो काढून तिनं तो घरी येऊन स्टेटसला ठेवला, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा तिला वाटलं, जमलं.

चुकलं ते तिथेच. मोठा रस्ता झाल्यापासून या भागात वावराचे फोटो स्टेटसला ठेवणारी एकच जात होती, ती म्हणजे दलाल. त्यांच्या फोटोंत मालक नसतो, बैल नसतो, काम करणारं कोणी नसतं. रिकामं वावर आणि मावळतीचं ऊन, एवढंच. साधनाच्या फोटोखाली काही लिहिलेलं नव्हतं, पण या शिवारात तो कोणाला वाचून दाखवावा लागला नाही. एकानं उचलला, दुसऱ्यानं पुढे ढकलला, तिसऱ्यानं आपला नंबर टाकला.

आता मारोतराव चहाला हात न लावता ओट्यावर बसला होता. त्या नंबरवर रविकांतनं फोन लावला. पलीकडचा म्हणाला, मला ग्रुपवर आला, काढून टाकतो, आणि फोन बंद करून बसला. साधनानं स्टेटस पुसलं. मारोतराव म्हणाला, आता काय उपयोग, अख्ख्या तालुक्याच्या खिशात माझं वावर फिरून राहिलंय.

तुळसाबाई नवऱ्यामागून आली होती आणि फाटकाशीच उभी होती. ती बोलली ती कोणाकडेच न पाहता.

"इकाऊ वावराच्या फोटोत कधी मालक रायते का? यायले वावरात उभं करा अन् काढा फोटो. जिथून तो गेला तिथूनच हा जाऊ द्या."

गोष्ट खरी होती.

"आजच," मारोतराव म्हणाला. "अन् तूच काढशीन."

साधना म्हणाली, चालेल, साडेचारला येते, तेव्हा उजेड चांगला असतो. मारोतरावनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं मुहूर्त काढायला ब्राह्मण मागितला. वावर काय नवरी होय काय, म्हणाला, बारा वाजता ये, लख्ख दिसते.

बाराला तो वावरात आला तो लग्नातले पांढरे कडक कपडे घालून, डोक्यावर टोपी, पायात बूट. हरभऱ्याच्या मधोमध हात सरळ सोडून उभा राहिला, ध्वजवंदनाला राहतात तसा. वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, दहा-बारा माणसं जमली. कोणी म्हणालं, मारोतराव, हसा थोडं, पाहुणे घाबरतीन. कोणी म्हणालं, बाईले म्हणा आमचा सकाळचा फोटो दे. मारोतरावनं मान हलवली नाही. साधना घामानं भिजली होती. टोपीच्या सावलीत त्याचा चेहरा काळवंडत होता, म्हणून तिनं कॅमेऱ्यात उजेड चढवला. तसा सदरा पेटला आणि त्यावरची एकूण एक चुणी गेली. आभाळ कागदासारखं पांढरं. टेकाड असं आलं, जणू कोणी मुरमाचा ट्रक रिकामा केला. हरभऱ्याचा हिरवा रंग दुपारनं खाऊन टाकला होता. सावली पायांखाली तेल सांडावं तशी पडली होती. आणि ऐन वेळी त्यानं एक डोळा मिटला होता.

मारोतरावनं येऊन पाहिलं.

"चेहरा वयखू येते?"

"येते."

"मंग टाक."

घरी जाऊन टाकते, असं ती म्हणाली, आणि घरी जाऊन तिनं टाकला नाही.

इथे साधनाची बाजू घ्यायची म्हटली तरी घेता येत नाही. तिला ठाऊक होतं, रविवार परवावर आला आहे. अंजनाच्या सुपारीच्या ब्लाउजचं कापड तिच्याच मशीनशेजारी घडी करून ठेवलेलं होतं, मोरपंखी, जरीच्या काठाचं. तरी तिनं मोबाइलवर तो दुपारचा फोटो उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. हा टाकला की गाव म्हणेल, चार महिने ही हेच करत होती. मुन्ना पाहील. अनसिंगला दिलेली बहीण पाहील. मग तिनं कारणं जोडायला घेतली, आणि जोडकामात तिचा हात चांगला होता: असं भकास वावर पाहून केनवडवाले काय म्हणतील, एक डोळा मिटलेला सासरा कोणाला आवडेल, अंजनाच्याच भल्यासाठी एक बरा फोटो नको का. शेवटचं कारण जोडून झालं तेव्हा सव्वाचार वाजले होते. तिनं स्टँड उचलला.

त्या पंधरवड्यात शेतीच्या विजेची लाइन दिवसाची होती, पाचला जायची. मारोतरावनं हरभऱ्यावर स्प्रिंकलर लावले होते आणि लाइन जायच्या आत एक ओळ आटोपायची म्हणून तो घाईत होता. पांढरे कपडे उतरवले होते. अंगात मळका सदरा, डोक्याला रुमाल, खांद्यावर पाइप. या वेळी साधना टेकाडावर गेली नाही. टेकाडावरून तो दिसला असता तो डोक्याचा ठिपका. ती पांदणीकडच्या खालच्या धुऱ्यावर राहिली आणि तिथून तिनं कॅमेरा सूर्याकडेच वळवला. मुन्नाच्या पंचवीस वर्षांच्या विरुद्ध.

पहिल्यांदा सगळं पांढरं झालं. तिनं उजेड कमी केला, अजून कमी केला, जमीन काळी पडली तरी पडू दिली. बॉबिनला दोरा बांधून तिनं तो स्टँडला लटकवला, म्हणजे उभी रेघ कळते, आणि उभी कळली की आडवी कळते; हे मोबाइलवरच्या माणसानं सांगितलं नव्हतं, हे पडदे शिवून येतं. मग ती ओल्या काळ्या मातीत गुडघे टेकून बसली, आणि तिथून तिला पाणी दिसलं. आजवर तिनं स्प्रिंकलर पाहिले होते, पण पाणी पाहिलं नव्हतं. सूर्य टेकाडाला टेकायला आलेला, त्याच्या उलट्या उजेडात प्रत्येक फवारा पेटल्यासारखा उठत होता आणि हरभऱ्यावर राखेसारखा बसत होता. पहिल्या फोटोत काचेवर थेंब आला. दुसऱ्यात मारोतराव मागच्या बाभळीत बुडाला. तिसऱ्या वेळी तो पाइप खांद्यावर घेऊन दोन फवाऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आला, थोडा वाकलेला, एक पाय उचललेला, आणि तिनं बटण दाबलं.

त्यानं तिला पाहिलं. अजून पोट नाही भरलं का, असं त्यानं तिथूनच विचारलं. दुपारचा नीट आला नाही, असं तिनं सांगितलं.

"मंग याच्यात चेहरा येते का?"

चेहरा येत नव्हता. चेहरा काळा होता, सगळा माणूसच काळा होता, त्याच्या कडेनं फक्त उजेडाची एक किनार होती. साधना म्हणाली, "येते."

सहा वाजता तिनं तो फोटो स्टेटसला टाकला. मुन्नाचा फोन आला. वयनी, हा तुमीच काढला काय, असं त्यानं दोनदा विचारलं. त्या आनंदात साधनानं वांग्याची भाजी करपवली आणि रविकांतनं ती निमूट खाल्ली.

शनिवारी मारोतराव आला तो शांत होता, आणि ते जास्त वाईट होतं. सोबत अंजना होती. सकाळपासून सात फोन. दलालानं नवा फोटो उचलून जुन्याच्या जागी लावला होता: 'बागायती. बारमाही पाणी. मजूर उपलब्ध.'

"मजूर म्हणजे मी," मारोतराव म्हणाला. "माह्या वावरात मीच मजूर. उपलब्ध."

केनवडचा मध्यस्थ तर वेगळंच बोलला होता. त्याचं म्हणणं, पहिल्या फोटोला भाव आला नाही म्हणून मारोतरावनं मुद्दाम पाणी सोडून, चांगला फोटोवाला लावून दुसरा काढला. विकायचं नसतं तर एवढा देखणा फोटो कोण काढतो. मुलाच्या बापानं रविवारी दुसरीकडे जायचं ठरवलं होतं, रिसोडकडे एक स्थळ होतं. आज संध्याकाळपर्यंत खरं-खोटं काय ते कळलं तर ठीक.

साधना काहीतरी बोलायला गेली, की उजेडामुळे, की फोटो चांगला यावा म्हणून. अंजनानं तिला मध्येच थांबवलं. नागपूरला नर्सिंग केलेली पोरगी, उगाच बोलायची सवय नव्हती.

"काकू, दुपारचा फोटो कुठे हाये?"

"माह्याजवळच हाये."

"त्याच्यात बाबा दिसते ना? मंग तो काहून नाही टाकला?"

साधना मोबाइल उघडून तो फोटो शोधायला लागली.

"मी सांगतो," अंजना म्हणाली. "तो आमच्या कामाचा होता. हा तुमच्या कामाचा."

मग तिनं मशीनशेजारच्या चळतीतून आपलं मोरपंखी कापड ओढून काढलं. वरची दोन कापडं खाली पडली, ती उचलून तिनं पुन्हा घडी करून ठेवली. तेवढी ती नीट होती. आपलं कापड काखेत घेऊन ती बापाच्या आधी बाहेर गेली.

साधनानं दुपारचा फोटो टाकला. खाली लिहिलं: 'मारोतराव, आपल्या स्वतःच्या वावरात. वावर विकायचं नाही.' तेवढ्यावर भागणार नव्हतं. तिनं मोबाइलमधल्या प्रत्येक नंबरला तो पाठवला; ज्यांचे ब्लाउज शिवले त्यांना, ज्यांचे शिवायचे राहिले त्यांना, मुन्नाला, बहिणीला. मुन्नानं उलट विचारलं, वयनी, हा कोणी काढला. तिनं लिहिलं, मीच. रविकांतनं त्या दिवशी जीपमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला भाड्याआधी तो फोटो दाखवला. जन्मात पहिल्यांदा त्यानं बायकोचं काम लोकांना दाखवलं, आणि तेही असं.

फोटो चालला. चालला म्हणजे असा, की दुपारी तीनपर्यंत शेलूबाजारात लोक एकमेकांना विचारत होते, मारोतराव एवढा कोणावर तापला. त्या पांढऱ्या आभाळाखाली, त्या फिक्या जमिनीवर, एक डोळा मिटून आणि मुठी आवळून तो असा उभा होता की वावराचा भाव विचारायची कोणाची छाती झाली नसती. आणि तसं वावर तर कोणी फुकट दिलं तरी घेताना विचार केला असता. भाव विचारणारे फोन थांबले. चार वाजता केनवडहून निरोप आला. मुलाच्या बापानं फोटो हातात धरून बराच वेळ पाहिला होता, आणि म्हणाला होता, हा माणूस वावर विकणारा दिसत नाही, हा वावरासाठी माणूस आडवा करणारा दिसतो. उद्या येतो.

रविवारी पाहुणे रविकांतच्याच जीपनं आले. मारोतरावच्या घरून ओळीनं सगळ्यांना बोलावणं होतं. साधनाचं घर मध्ये सुटलं. ती मशीनवर बसून होती. आधी वाजंत्रीसारखी भांड्यांची गडबड ऐकू आली, मग माणसांची, मग एकदम शांत झालं, आणि मग बायका मोठ्यानं बोलायला लागल्या, म्हणजे सुपारी फुटली. पाहुण्यांतल्या एका बाईनं म्हणे मुद्दाम विचारलं, तो फोटो कोणी काढला, माणूस कसा डोळ्यांसमोर उभा केला. तुळसाबाईनं सांगितलं, हाये एक शेजारी. रविकांतनं हे घरी येऊन सांगितलं आणि पेढा दिला. साधनानं अर्धा खाल्ला.

पाहुणे गेल्यावर मारोतराव आला. कपाळावर गंध होतं, पण चेहरा फोटोतलाच होता.

"तो दुसरा काढून टाक."

काल सकाळीच स्टेटसवरून पुसला, असं तिनं सांगितलं.

"मशीनमधला."

कॅमेऱ्यातला असा कुठे जात नाही, ती म्हणाली. तो म्हणाला, पहिला पण कुठे जाणार नव्हता. तिनं कॅमेरा आणला, फोटो लावला, आणि का कोण जाणे, पुसायच्या आधी त्याच्यासमोर धरला.

मारोतरावनं हाताची ओंजळ करून त्या एवढ्याशा काचेवर सावली केली. आधी रागानं पाहिलं. मग डोळे बारीक केले. तिसरा फवारा वाकडा आहे, असं तो पुटपुटला. खरंच होता, तिला ते तोवर दिसलं नव्हतं. पाइप धरलेला तो काळा माणूस कोण हे त्याला कळलं तेव्हा त्याचा हात आपल्याच खांद्याकडे गेला. बाहेर रविकांत जीप धूत होता, ते पाणी गटारीपर्यंत पोचलं तरी मारोतराव पाहतच होता.

"माह्यं वावर इतकं चांगलं नाई."

"हाये, भाऊजी," साधना म्हणाली. "पावणेपाचले असते."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. या तीन दिवसांत पहिल्यांदा भांडण सोडून पाहिलं, आणि तेवढ्यापुरतंच.

"मंग तर काढूनच टाक," तो म्हणाला. "लोकायचे डोळे लागायले माह्यं एवढंच वावर हाये."

तिनं बटण दाबलं. कॅमेरा दोनदा विचारतो, तिनं दोन्हीदा हो म्हटलं. त्या संध्याकाळचे बिघडलेले बाकीचे तिनं तेव्हाच पुसले होते, म्हणून काचेवर दुपारचा फोटो आला, एक डोळा मिटलेला. तो राहू दे, मारोतराव म्हणाला, आणि जाता जाता सांगून गेला की, टेकाडाकडची वाट बाभळीच्या फांद्या टाकून बुजवली आहे, पुन्हा तिकडे दिसू नको.

अंजनाचा ब्लाउज गावातल्या दुसऱ्या शिवणारीनं, रत्नमालानं शिवला. बाहीत घट्ट झाला, असं ऐकण्यात आलं. साधनाला त्याचा जेवढा व्हायला हवा होता तेवढा आनंद झाला नाही, थोडा झाला.

सोमवारी ती पांदणीनं निघाली होती, पलीकडच्या वस्तीत तयार कपडे द्यायला. कॅमेरा घरी होता. पांदण काही मारोतरावची नव्हती, ती गावाची होती, एवढं तिनं मनाशी म्हणून घेतलं. लाइन अजून गेली नव्हती, फवारे सुरू होते, सूर्य टेकाडावर आला होता. मारोतराव खालच्या धुऱ्यावर, शुक्रवारी ती बसली होती तिथेच होता, पांदणीकडे पाठ करून. पाइप हलवायची वेळ झाली होती, पुढची ओळ कोरडी पडली होती. तो पाइप हलवत नव्हता. उन्हाला हात आडवा धरून तो पाण्याकडे पाहत नुसता उभा होता, आणि मग हळूच, गुडघ्यावर हात टेकवत, खाली बसला.

साधनाच्या पायाखाली वाळलेली काडी मोडली. त्यानं वळून पाहिलं. चटकन उठला, ढुंगणाची माती झटकली, आणि शेजारी पडलेली बाभळीची आणखी एक फांदी उचलून त्यानं तिथूनच टेकाडाकडे फुटणाऱ्या वाटेवरच्या काट्यांवर टाकली.